समुद्रतळाचा सातबारा

सप्टेंबर २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरण आणि भारत सरकारचे पृथ्वी विज्ञान मंत्रालय यांच्यात एक करार झाला. हिंदी महासागराच्या वायव्य भागात, अरबी समुद्राच्या दक्षिणेस, कार्ल्सबर्ग नावाची एक समुद्रबुड पर्वतरांग आहे. तिच्यावरील १० हजार चौरस किलोमीटर क्षेत्रात बहुधातू सल्फाइड या खनिजाचा शोध घेण्याचा अनन्य अधिकार या कराराने भारताला मिळाला. त्यापूर्वी, २६ सप्टेंबर २०१६ रोजी, मध्य व नैर्ऋत्य हिंदी महासागरी पर्वतरांगांवरील तेवढ्याच क्षेत्रासाठी असाच करार झालेला होता. या खनिजासाठी दोन करार पदरात पाडून घेणारा भारत हा पहिला देश ठरला, याचा सरकारी गोटात मोठा गाजावाजा झाला. तांबे, जस्त, सोने, चांदी अशी यादी छापून आली आणि विषय संपला. हे खनिज ज्यांतून जन्म घेते त्या समुद्रतळावरील उष्णझऱ्यांचे समुद्राच्या पाण्याशी नाते काय, आणि त्या नात्यात हात घालण्याचा अधिकार कोणी कोणाला दिला, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला.

कार्ल्सबर्ग हे नावही बोलके आहे. १९२८ ते १९३० या काळात ‘डाना’ जहाजावरून महासागरांचा अभ्यास करणाऱ्या डॅनिश मोहिमेला कोपनहेगनच्या प्रसिद्ध बिअर-कारखान्याच्या प्रतिष्ठानाने पैसा पुरविला, आणि त्या उपकाराची फेड म्हणून अरबी समुद्राखालच्या डोंगराला त्या कारखान्याचे नाव मिळाले. ज्याचा पैसा त्याचे नाव, हा न्याय नकाशापुरता होता तोवर त्यात कोणाचे काही बिघडले नाही. आता तोच न्याय डोंगराच्या पोटातील ऐवजाला लागू होऊ घातला आहे.

महागाई, बेकारी आणि शेतमालाचे पडलेले भाव यांच्याशी रोज झुंजणाऱ्या कार्यकर्त्याला हा विषय दूरचा वाटला तर त्यात नवल नाही. परंतु गावाचे गायरान कोणाच्या नावे झाले, जंगल कोणाला ठेक्याने दिले, धरणाचे पाणी कोणत्या कारखान्याकडे वळविले, हे प्रश्न ज्यांनी लढविले, त्यांना समुद्रतळाचा प्रश्न ओळखता यावयास हवा. तो त्याच कुळातील आहे. सामाईक मालमत्तेचे आधी तुकडे पाडावयाचे, तुकड्यांवर नावे चढवावयाची, आणि तुकड्याबाहेर जे नुकसान होईल ते कोणाच्याच खात्यावर लिहावयाचे नाही, ही पद्धत जुनी आहे. फक्त क्षेत्र बदलले आहे.

उष्णझऱ्यांची घडण

प्रथम वस्तुस्थिती. महासागरांच्या तळाशी सुमारे ६५ हजार किलोमीटर लांबीची, जवळजवळ अखंड अशी पर्वतरांग पसरलेली आहे. पृथ्वीच्या कवचाचे तुकडे तेथे एकमेकांपासून दूर सरकतात आणि खालचा तप्त खडक वर येतो. भेगांतून समुद्राचे थंड पाणी आत झिरपते, तापते, खडकाशी रासायनिक देवघेव करते आणि पुन्हा तळाशी उसळून बाहेर पडते. वज्रेश्वरीची किंवा राजापूरच्या उन्हाळ्याची कुंडे पाहिलेल्या माणसास या क्रियेची अंधुक कल्पना येऊ शकेल. पण खोल समुद्रात पाण्याचे तापमान ३५० अंश सेल्सिअसच्याही वर जाते, आणि वरच्या पाण्याचा दाब इतका प्रचंड असतो की एवढे तापूनही ते उकळत नाही. १९७७ साली ‘ॲल्विन’ या पाणबुडीतून गेलेल्या शास्त्रज्ञांनी गॅलापागोस बेटांजवळ सुमारे अडीच हजार मीटर खोलीवर असे झरे प्रथम प्रत्यक्ष पाहिले. १९७९ मध्ये मेक्सिकोच्या पश्चिमेस काळ्या पाण्याचे लोट सोडणारी धुराडी आढळली. सूर्यप्रकाशाचा एकही किरण पोहोचत नाही अशा त्या जागी दोन मीटर लांबीपर्यंत वाढणाऱ्या नळीकृमींची, शिंपल्यांची, खेकड्यांची दाट वस्ती होती. तेथील जीवाणू हायड्रोजन सल्फाइडसारख्या, इतर प्राण्यांना विषारी असलेल्या वायूपासून ऊर्जा मिळवितात, आणि त्या जीवाणूंवर ही सारी वस्ती उभी असते.

या झऱ्यांतून पाणी जाते तेव्हा ते बदलून जाते. खडक पाण्यातील मॅग्नेशियम जवळजवळ सर्व शोषून घेतो, सल्फेटही बहुतेक नाहीसे होते. उलट लोह, मँगनीज, तांबे, जस्त आणि गंधकयुक्त वायू पाण्यात उतरतात. नद्या वर्षानुवर्षे समुद्रात जे मॅग्नेशियम आणून टाकतात त्याचा हिशोब पूर्वी जुळत नसे. या झऱ्यांचा शोध लागल्यावर त्या हिशोबातील खर्चाची एक मोठी बाजू सापडली. समुद्राच्या पाण्याची आजची घडण ही केवळ नद्यांची आणि पावसाची करणी नाही, तळाशी अव्याहत चालणाऱ्या या भट्ट्यांचाही तीत वाटा आहे, हे तेव्हापासून मान्य झाले.

बाहेर पडलेले आम्लयुक्त तप्त पाणी थंड पाण्यात मिसळताच त्यातील धातूंचा बराच भाग गंधकाशी संयोग पावून तेथेच साचतो. धुराडी त्यानेच बनतात, आणि हजारो वर्षांत साचलेला हाच ढीग म्हणजे ज्याच्यावर आज डोळा आहे ते बहुधातू सल्फाइड. उरलेले पाणी हलके असल्याने काहीशे मीटर वर चढते, सभोवतालच्या पाण्यात सुमारे दहा हजारपटींनी पातळ होते, आणि मग आडवे पसरत प्रवाहाबरोबर निघून जाते. या लोटातील लोहाचे गंजासारखे सूक्ष्म कण जाता जाता पाण्यातील फॉस्फरस, आर्सेनिक, व्हॅनेडियम अशी द्रव्ये स्वतःला चिकटवून घेतात व तळाशी नेतात. हा झरा पाण्याला देतो तसा पाण्यातून घेतोही. तो समुद्राच्या जमाखर्चातील एक चालू खाते आहे.

लोहाचा प्रवास

आता या वादाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट. महासागरांच्या फार मोठ्या भागात सूक्ष्म वनस्पती-प्लवकांची वाढ लोहाच्या तुटवड्यामुळे खुंटलेली असते, हा सिद्धान्त अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन मार्टिन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस जोरकसपणे मांडला आणि पुढील प्रयोगांनी तो उचलून धरला. हे प्लवक म्हणजे समुद्रातील गवत. लहान मासे, मोठे मासे आणि अखेरीस मच्छीमाराची टोपली हे सारे त्या गवतावर चालते. मग उष्णझऱ्यांतून एवढे लोह बाहेर पडते त्याचे काय होते? दीर्घकाळ तज्ज्ञांचे उत्तर एकच असे: ते झऱ्याजवळच गंजून खाली बसते, त्याचा परिणाम स्थानिक आहे, महासागराच्या हिशोबात तो धरण्याचे कारण नाही.

हे उत्तर चुकीचे ठरले. झऱ्यांतून निघणारा हेलियम-३ हा वायू पॅसिफिकमध्ये उगमापासून सुमारे दोन हजार किलोमीटरपर्यंत पसरलेला आहे, हे १९८१ मध्येच दिसून आले होते. पण हेलियम कशाशीच संयोग पावत नाही, लोहाचे तसे नाही, असे म्हणून तो पुरावा बाजूला ठेवता येत होता. २०१३ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवून दिले की मध्य हिंदी महासागरी रांगेवरील झऱ्यांचे विद्राव्य लोह सुमारे तीन हजार किलोमीटरपर्यंत पोहोचलेले आहे. २०१५ मध्ये दक्षिण पॅसिफिकमधील लोहाचा लोट उगमापासून चार हजार किलोमीटरहून अधिक अंतरापर्यंत मोजला गेला. लोहाचा काही अंश सेंद्रिय द्रव्यांशी बांधला जातो, काही अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने तरंगत राहतो, आणि म्हणून तो लगेच तळाशी जात नाही, हे आता कळले आहे. २०१९ मध्ये तर दक्षिण महासागरात नैर्ऋत्य हिंदी महासागरी रांगेच्या परिसरात दिसणाऱ्या प्लवकांच्या विशाल बहराचा संबंध संशोधकांनी तळातील उष्णझऱ्यांच्या लोहाशी जोडला. ज्या रांगेवरील तुकड्यासाठी भारताने २०१६ मध्ये करार केला, तीच ही रांग.

‘परिणाम स्थानिक आहे’ हे वाक्य शास्त्रज्ञांनी प्रामाणिकपणे, उपलब्ध मोजमापांच्या आधारे उच्चारले होते, आणि नवी मोजमापे हाती येताच ती चूक दुरुस्तही झाली. विज्ञानाची रीत ती हीच. आज तेच वाक्य खाण-कंपन्यांच्या पत्रकांत पुन्हा अवतरले आहे. त्यांच्या हाती मात्र मोजमापे नाहीत. कारण समुद्रतळावरील सल्फाइडचे व्यापारी प्रमाणावर उत्खनन अद्याप कोठेही झालेले नाही. जपानने २०१७ मध्ये ओकिनावाजवळ सुमारे सोळाशे मीटर खोलीवरून प्रायोगिक स्वरूपात थोडे खनिज वर काढले, एवढाच काय तो अनुभव. या खाणकामात धुराडी व ढिगारे यंत्राने फोडावयाचे, चुरा पाण्यासह नळाने जहाजावर ओढावयाचा, आणि खनिज काढून घेतल्यावर ते गढूळ पाणी पुन्हा समुद्रात सोडावयाचे, अशी योजना असते. त्या पाण्यात तांबे, शिसे, आर्सेनिक, कॅडमियम यांचा अंश असणार. जो प्रवाह निसर्गाचे लोह तीन हजार किलोमीटर वाहून नेतो, तो कंपनीचा चुरा मात्र करारातील रेषेपाशी सोडून देईल, असे मानण्यास आधार कोणता?

चौकोन आणि प्रवाह

येथे अर्थशास्त्राचा मुद्दा उभा राहतो. प्राधिकरणाच्या नियमांनुसार सल्फाइडच्या शोधासाठी दिले जाणारे क्षेत्र शंभर चौकोनांचे असते, आणि प्रत्येक चौकोन जास्तीत जास्त शंभर चौरस किलोमीटरचा. १० हजार चौरस किलोमीटरचा आकडा येतो तो असा. हा जमिनीचा हिशोब आहे. शेताला बांध असतो, बांधाला दगड असतो, आणि तलाठ्याच्या दप्तरात उतारा असतो. पाण्याला यांपैकी काहीच ठाऊक नसते. एकाने खोल कूपनलिका खणली की शेजाऱ्याची विहीर आटते, हा मराठवाड्यातील कोणत्याही शेतकऱ्याचा अनुभव आहे. तरीही कूपनलिका खणणाऱ्याच्या खर्चात शेजाऱ्याच्या कोरड्या विहिरीची किंमत कधी धरली जात नाही. उत्पादनाचा नफा खाजगी आणि उत्पादनाची झळ सार्वजनिक, हे भांडवली हिशोबाचे मूलसूत्र. समुद्रतळावर ते अधिकच निर्धोकपणे चालविता येते. कारण झळ पोहोचलेला मासा अर्ज करीत नाही, आणि मच्छीमाराला आपली जाळी का रिकामी राहिली हे सिद्ध करता येत नाही.

गोव्याचे उदाहरण जुने झालेले नाही. लोहखनिजाचे पट्टे कागदावर चोख आखलेले होते. पण पावसाळ्यात पट्ट्याबाहेरच्या भातशेतीत आणि नद्यांत जो लाल गाळ उतरला त्याने पट्ट्यांचे नकाशे वाचले नव्हते. शहा आयोगाचा अहवाल २०१२ मध्ये बाहेर आला, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबविले, आणि २०१८ मध्ये ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. हे सर्व डोळ्यांसमोर, दिवसाउजेडी, पत्रकार आणि ग्रामसभा जागेवर असताना घडले. साडेचार हजार मीटर खोलीवर कोणती ग्रामसभा भरणार आहे?

समर्थकांची उत्तरे

समर्थकांपाशी यावर चार उत्तरे असतात. ती तपासून पाहणे अगत्याचे आहे.

पहिले असे की महासागर अफाट आहे आणि खाणी चिमूटभर. महासागर अफाट आहे हे खरेच. पण जिवंत झरे अफाट नाहीत. जगातील सर्व सक्रिय उष्णझऱ्यांचे क्षेत्र एकत्र केले तरी ते सुमारे ५० चौरस किलोमीटर भरेल, असा २०१८ मधील एका शास्त्रीय निबंधाचा अंदाज आहे. एका शहरात मावेल एवढ्या जागेतून समुद्राच्या रसायनाचा एक मोठा व्यवहार चालतो. हिंदी महासागरात, २००१ मध्ये शोध लागलेल्या, पायावर लोहयुक्त खवले असलेल्या एका गोगलगायीचे २०१९ पर्यंत तीनच झरे-क्षेत्रांत अस्तित्व ज्ञात होते. त्यांपैकी एक जर्मनीच्या आणि एक चीनच्या शोध-करारात पडलेले होते. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने तिला संकटग्रस्त जातींच्या यादीत घातले. खोल समुद्रातील खाणकामाच्या धोक्यामुळे त्या यादीत गेलेली ती पहिली जात होय.

दुसरे उत्तर असे की सक्रिय झऱ्यांना कोणी हात लावणार नाही, थंड पडलेले ढिगारेच खणले जातील. कागदावर हे शहाणपणाचे दिसते. पण मृत आणि जिवंत ढिगारे बहुधा एकाच क्षेत्रात, एकमेकांच्या शेजारी असतात. चुरा एकाकडून दुसऱ्याकडे जाणारच. शिवाय थंड पडलेला झरा कायमचा विझला असे समजणे धाडसाचे आहे. अटलांटिकमधील ‘टॅग’ या नावाने ओळखले जाणारे क्षेत्र हजारो वर्षांच्या अंतराने पुनःपुन्हा जागे झालेले आहे.

तिसरे उत्तर असे की निसर्ग स्वतःच हे झरे उद्ध्वस्त करतो आणि काही वर्षांत जीवसृष्टी परत येते. पूर्व पॅसिफिक रांगेवर १९९१ मध्ये व पुन्हा २००५-०६ मध्ये लाव्हा पसरला आणि नंतर जीव परतले, हे खरे आहे. पण ती रांग वेगाने फाकणारी आहे. तेथे झरे जवळजवळ आहेत आणि तेथील जीवांना उलथापालथीची सवय आहे. हिंदी महासागरातील कार्ल्सबर्ग रांग मंद गतीने आणि नैर्ऋत्य रांग तर अतिमंद गतीने फाकते. तेथे झरे दूर दूर आहेत व दीर्घकाळ टिकतात. एका ठिकाणचा अनुभव दुसऱ्या ठिकाणी डोळे झाकून लावणे म्हणजे कोकणातल्या पावसाच्या भरवशावर माणदेशात भात लावण्यासारखे आहे.

चौथे उत्तर आज सर्वांत मोहक ठरते. विजेवर चालणाऱ्या वाहनांसाठी, पवनचक्क्यांसाठी तांबे हवे. हवामान वाचवावयाचे तर समुद्रतळ खणावा लागेल. तांब्याची गरज कोणी नाकारीत नाही. प्रश्न असा आहे की गरज कोणाची मोजली जाते. सार्वजनिक वाहतूक मोडकळीस येऊ द्यावयाची, घरटी दोन खाजगी मोटारींचा आदर्श पुढे ठेवावयाचा, भंगारातील धातू पुन्हा वापरण्याची यंत्रणा उभारावयाची नाही, आणि या उधळपट्टीतून जी मागणी निघेल तिला ‘मानवजातीची गरज’ असे नाव द्यावयाचे, हा युक्तिवाद पर्यावरणाचा नाही, बाजारपेठेचा आहे.

वारशाची वाटणी

समुद्रतळ कोणाचा, या प्रश्नाचे एक उदात्त उत्तर एकेकाळी जगाने दिलेले होते. १ नोव्हेंबर १९६७ रोजी माल्टाचे राजदूत आर्व्हिड पार्डो यांनी संयुक्त राष्ट्रांत मागणी केली की राष्ट्रीय हद्दींपलीकडील समुद्रतळ हा मानवजातीचा सामाईक वारसा मानला जावा. १७ डिसेंबर १९७० रोजी आमसभेने १०८ विरुद्ध शून्य मतांनी, १४ देश तटस्थ असताना, तसा ठराव केला. १९८२ च्या समुद्रविषयक करारात ते तत्त्व कायद्याच्या भाषेत उतरले. नव्याने स्वतंत्र झालेल्या राष्ट्रांनी त्यासाठी झुंज दिली होती. प्राधिकरणाचा स्वतःचा एक सार्वजनिक उपक्रम असावा, श्रीमंत देशांनी तंत्रज्ञान द्यावे, जमिनीवरील खाणींवर जगणाऱ्या गरीब देशांना फटका बसू नये म्हणून उत्पादनावर मर्यादा असावी, अशा तरतुदी त्यात होत्या.

त्या तरतुदींचे पुढे काय झाले? औद्योगिक देशांनी हा भाग मान्य करण्यास नकार दिला, आणि १९९४ च्या पूरक कराराने तंत्रज्ञान-हस्तांतराची सक्ती गेली, उत्पादनावरील मर्यादा गेली, सार्वजनिक उपक्रमाला भागीदारीच्या कुबड्या घेऊन चालणे भाग पडले. वारसा सामाईक राहिला, वहिवाट मात्र सामाईक राहिली नाही. विकसनशील देशांसाठी राखून ठेवलेल्या पॅसिफिकमधील क्षेत्रात आज एका कॅनेडियन कंपनीची उपकंपनी नाऊरू या चिमुकल्या बेट-राष्ट्राच्या पुरस्काराने शिरलेली आहे. हे नियमांत बसते. पण कमाल जमीनधारणा कायद्यानंतर महाराष्ट्रात ज्या नावांवर जमिनी चढल्या, त्यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. जून २०२१ मध्ये याच नाऊरूने दोन वर्षांत नियमावली पूर्ण करण्याची मुदत प्राधिकरणावर लादली. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी, १९८२ च्या कराराला कधीच मान्यता न दिलेल्या आपल्या देशाच्या १९८० मधील एका कायद्याचा आधार घेऊन, आंतरराष्ट्रीय समुद्रतळावर परवाने देण्याचा आदेश काढला, आणि काही दिवसांतच त्याच कंपनी-समूहाने अर्ज दाखल केला. ते अर्ज धातूंच्या गोट्यांसाठी आहेत, झऱ्यांच्या सल्फाइडसाठी नाहीत. पण दार एकदा उचकटले गेले की आत कोणत्या खोलीत शिरावयाचे हे दांडगाच ठरवितो.

गरीब देशाने अशा व्यवहारात भागीदारी केली तर काय होते, याचा धडा पापुआ न्यू गिनीने गिरविला आहे. बिस्मार्क समुद्रात, सुमारे सोळाशे मीटर खोलीवरील उष्णझऱ्यांच्या क्षेत्रात तांबे व सोने काढण्यासाठी नॉटिलस मिनरल्स या कॅनेडियन कंपनीला २०११ मध्ये खाण-परवाना मिळाला. सरकारने स्वतः १५ टक्के भाग घेतला. किनाऱ्यावरील गावांनी विरोध केला. २०१९ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. एक टनही खनिज बाजारात आले नाही, आणि त्या गरीब देशाच्या तिजोरीतील सुमारे १२ कोटी डॉलर बुडाले. फायदा झाला असता तर ८५ टक्के बाहेर गेला असता. तोटा झाला तेव्हा जनतेच्या वाट्याचा पैसा गेला.

सरकारी शिक्का पुरेसा नाही

येथे समाजवादी चळवळीतील साथींनी स्वतःच्याच एका जुन्या समजुतीची झडती घेणे आवश्यक आहे. भारताच्या करारावर सही मंत्रालयाची आहे, कोणा उद्योगपतीची नाही. शोधाचे काम सरकारी संस्था करतात. जून २०२१ मध्ये मंजूर झालेल्या खोल समुद्र मोहिमेचे ४०७७ कोटी रुपये सार्वजनिक आहेत. मग हरकत कशाला, असा सवाल पक्षाच्या बैठकांतूनही येऊ शकेल. चीनने २०११ मध्येच नैर्ऋत्य रांगेवर पाय रोवला, भारताने मागे का राहावे, अशी पुस्तीही त्याला जोडली जाईल.

सार्वजनिक मालकी ही समाजवादाची आवश्यक अट आहे; ती पुरेशी अट नाही. कोयनेपासून नर्मदेपर्यंत धरणे सरकारनेच बांधली, आणि विस्थापितांच्या पिढ्या त्याच सरकारच्या दारात उभ्या राहिल्या. शिवाय आजचा सरकारी शोध हा उद्याच्या खाजगी लिलावाची पूर्वतयारी असू शकतो. २०२३ मध्ये सागरी खनिजांचा कायदा बदलून लिलावाची वाट मोकळी करण्यात आली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये भारताच्या स्वतःच्या सागरी हद्दीतील १३ क्षेत्रे लिलावास निघाली. त्यांत केरळच्या किनाऱ्याजवळील वाळू होती आणि ग्रेट निकोबारजवळील धातूंचे गोटे व थरही होते. केरळचे मच्छीमार त्याविरुद्ध रस्त्यावर उतरले. जनतेच्या पैशाने नकाशा काढावयाचा आणि तयार नकाशा धनिकाच्या हाती द्यावयाचा, याला राष्ट्रवाद म्हणणे ही जनतेची फसवणूक आहे. चीनच्या भीतीचा मुद्दाही उलटाच सिद्ध होतो. प्रत्येकाने दुसऱ्याच्या भीतीने गायरानावर नांगर घातला तर गायरान कोणाचेच उरत नाही. सर्वांनी मिळून नांगर थांबविणे हाच त्यावर इलाज असतो.

याचा अर्थ संशोधन थांबवावे असा मुळीच नाही. डिसेंबर २०२४ मध्ये वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राच्या आणि चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हिंदी महासागरात साडेचार हजार मीटर खोलीवरील सक्रिय उष्णझऱ्याची छायाचित्रे मिळविली. ही अभिमानाची गोष्ट आहे. झऱ्यांचे लोह कोठे जाते, किती जाते, त्यावर कोणते जीव पोसतात, हे शोधण्यासाठी पैसा खर्च होत असेल तर तो आणखी वाढवावा. आक्षेप आहे तो ज्ञानाला खाणीच्या दावणीला बांधण्यावर.

खाणकामाला स्थगिती द्यावी, निदान पुरेसे ज्ञान हाती येईपर्यंत थांबावे, अशी भूमिका तीसहून अधिक देशांनी घेतलेली आहे. भारत त्यांत नाही. कॅनडाने २००३ मध्येच आपल्या हद्दीतील एंडेव्हर उष्णझरे संरक्षित केले. नॉर्वेच्या संसदेने जानेवारी २०२४ मध्ये आपल्या सागरी क्षेत्राचा मोठा भाग खाण-शोधासाठी खुला केला. पण त्याच वर्षीच्या डिसेंबरात तेथील समाजवादी डाव्या पक्षाने अर्थसंकल्पाला पाठिंबा देण्याची अट म्हणून परवान्यांची पहिली फेरी थांबविली. संसदेत मूठभर जागा असलेला पक्षही प्रश्न नीट ओळखला तर काय करू शकतो, याचे हे उदाहरण भारतातील समाजवाद्यांनी मनावर घ्यावे.

मागण्या स्पष्ट आहेत. भारताने खोल समुद्रातील खाणकामाच्या स्थगितीला जाहीर पाठिंबा द्यावा. सक्रिय उष्णझरे आणि त्यांच्या लोटांचा परिसर कोणत्याही खाणीसाठी कायमचा वर्ज्य ठरावा. सार्वजनिक पैशातून जमविलेली सर्व माहिती, पाण्याच्या मोजमापांसह, जनतेसमोर खुली करावी. कोणत्याही खाजगी कंपनीला भारताच्या पुरस्काराने समुद्रतळावर शिरू देऊ नये. आणि पुढील प्रत्येक करारापूर्वी लोकसभेत चर्चा व्हावी. तिच्यात रत्नागिरी, मालवण, वास्को, कोल्लम येथील मच्छीमार संघटनांचे म्हणणे ऐकले जावे.

जिल्हा शाखांनी हा विषय मच्छीमार सोसायट्यांत, महाविद्यालयांत, अभ्यासवर्गांत नेला पाहिजे. नियमावली अद्याप पूर्ण झालेली नाही, यंत्रे अद्याप तळाशी उतरलेली नाहीत. गायरानावर खुंट्या ठोकल्या जात असताना गाव जागे झाले तर खुंट्या उपटता येतात. कुंपण पडून कचेरीत नोंद झाल्यावर पिढ्यान् पिढ्या खटले चालवावे लागतात. समुद्रतळावर आज खुंट्या ठोकण्याचे काम चालू आहे.